‘जुळतं’ म्हणजे नेमकं काय? बाथरूमच्या लाद्यांवरून शिकूया संकल्पना मोजायला

पेटची तयारी करणारे किंवा नुकतीच नोंदणी झालेले बरेच जण सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास लिहितात: ‘अमुक घटकाचा तमुक गोष्टीवर होणारा परिणाम अभ्यासणे.’ वाक्यात तशी काही चूक नसते. पण समितीतल्या कुणी विचारलं, ‘अमुक म्हणजे नक्की काय, आणि ते तुम्ही मोजणार कसं?’, की गाडी तिथेच अडते. याला पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात ‘कार्यात्मक व्याख्या’ म्हणतात. व्याख्या पाठ होते, पण ती करायची कशी हे उदाहरणाशिवाय कळत नाही.

म्हणून आज एक अगदी घरगुती उदाहरण घेऊ. बाथरूम नव्याने करायचंय. लाद्या, कमोड, बेसिन, नळ, ग्राउट या सगळ्यांचे रंग आणि फिनिश एकमेकांशी जुळवायचे आहेत. विषय साधा वाटतो, पण यावर खरंखुरं संशोधन झालेलं आहे. शिवाय निवड चुकली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडू शकतं, म्हणजे प्रश्न फक्त शोभेचाही नाही.

प्रश्न येतो कुठून?

ठिकाण ठरवून घेऊ म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. रायगड जिल्ह्यातलं तळा. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला आत वळलं की डोंगरातून रस्ता तळगडाच्या पायथ्याशी येतो. इथल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबई-ठाण्याला नोकरीला असतं आणि घरी आईवडील किंवा आजीआजोबा असतात. जुन्या घरात स्वयंपाकघराला लागून मोरी, तिला शहाबादी फरशी, नाहीतर नुसता कोबा. आता तिथे कमोडवालं बाथरूम हवं असतं, आणि ते शक्यतो गणपतीच्या आधी पुरं व्हायला हवं असतं.

समजा, असं एक घर आहे. मुलगा मुंबईत शोरूममध्ये जाऊन लाद्या बघतो आणि फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो. त्याला काळे मॅट नळ आवडलेत. सुनेला बेज रंग हवाय. मिस्त्री म्हणतो, ‘दादा, सगळं पांढरं घ्या, जागा मोठी दिसते.’ आजी एवढंच म्हणते, ‘निसरडं नको रे बाबा.’ आणि चौघंही म्हणतात, ‘जुळलं पाहिजे.’

आता हेच आपल्या भाषेत लिहून पाहा: ‘बाथरूममधील रंग व फिनिश यांच्या जुळणीचा वापरकर्त्यांवर होणारा परिणाम अभ्यासणे.’ ऐकायला अगदी शोधनिबंधाचं शीर्षक वाटतं. पण यातल्या ‘जुळणी’ या शब्दाचा अर्थ चौघांच्या डोक्यात चार वेगवेगळा आहे. तो फोडल्याशिवाय एकही प्रश्नावली तयार करता येणार नाही.

एका शब्दात चार गोष्टी

मराठीत यासाठी चार वेगळी क्रियापदं आधीपासूनच आहेत, आपण ती एकात कोंबतो इतकंच:

१. आवडतं: ही रंगजोडी मला बघायला आवडते का?
२. शोभतं: हे दोन रंग एकमेकांसोबत बरे दिसतात का? (मला स्वतःला आवडोत किंवा न आवडोत.)
३. सारखं दिसतं: दोन्ही रंग एकमेकांच्या किती जवळचे आहेत?
४. उठून दिसतं: एक वस्तू दुसरीच्या पार्श्वभूमीवर चटकन ओळखू येते का?

पहिल्या तीन गोष्टींमधला गोंधळ रंगशास्त्रातही बराच काळ होता. कॅरेन श्लॉस आणि स्टीफन पामर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पसंती, सुसंगती आणि साम्य हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले. निष्कर्ष वाचण्यासारखे आहेत. दोन रंगांच्या छटा जितक्या जवळच्या, तितकी पसंती आणि सुसंगती दोन्ही वाढतात. पण पसंतीवर आणखी दोन गोष्टींचा जास्त प्रभाव असतो: त्या जोडीतले सुटे रंग माणसाला मुळात किती आवडतात, आणि त्या दोघांत उजळपणाचा फरक किती आहे. पुढची गंमत अशी, की ‘या पार्श्वभूमीवर ही आकृती कितपत आवडते’ असं विचारलं तर उत्तर उलट्या दिशेने जातं. पार्श्वभूमीपेक्षा आकृतीची छटा जितकी वेगळी, तितकी ती जास्त पसंत पडते.

म्हणजे रंग तेच, माणसं तीच, पण प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर बदलतं. तुमच्या प्रश्नावलीत ‘तुम्हाला हे रंग जुळणारे वाटतात का?’ एवढा एकच प्रश्न असेल, तर उत्तर देणाऱ्याने मनातल्या मनात चारपैकी कुठला प्रश्न सोडवला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरा वाचावा असा निबंध ली-चेन ओऊ आणि रॉनियर लुओ यांचा, २००६ चा. त्यांनी ५४ रंगांच्या शक्य तेवढ्या सगळ्या जोड्या केल्या. ५४ गुणिले ५३ भागिले २, म्हणजे १४३१ जोड्या. निरीक्षकांकडून त्यांची सुसंगती ठरवून घेतली आणि त्यातून एक गणिती प्रारूप तयार केलं. त्यांना दिसलेल्या ठळक गोष्टी अशा: छटा सारखी असेल तर सुसंगती वाढते, रंगाची तीव्रता सारखी असेल तरी वाढते, एकूण उजळपणा जास्त असेल तरी वाढते, आणि दोघांच्या उजळपणात फरक असेल तरीही वाढते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आजीच्या कामाला येणार आहे.

आणि एक सवय आत्तापासूनच लावून घ्या. असा अभ्यास वाचला की लगेच विचारा: रंग कशावर दाखवले होते? इथे ते संगणकाच्या पडद्यावर दाखवले होते. सपाट, कोरडे, एकसारखा प्रकाश असलेले चौकोन. तळ्याच्या बाथरूममधली लादी सपाट नसते, कोरडी राहत नाही आणि प्रकाश तर दर तासाला बदलतो. निष्कर्ष टाकून द्यायचे नाहीत, पण ते कुठवर चालतील याची रेघ आपण ओढायची.

‘पांढरं’ म्हणजे किती पांढरं?

आता मोजण्याकडे वळू. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने माणसाची नजर प्रमाण धरून रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत ठरवली. १९७६ मध्ये त्याच आयोगाने ‘सीआयई लॅब’ नावाची रंगमोजणी दिली, ती आज लाद्यांपासून कापडापर्यंत सगळीकडे वापरतात. तिच्यात रंगाला तीन आकडे असतात. एल म्हणजे उजळपणा: ० काळा, १०० पांढरा. ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे. बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. दोन रंगांमधलं अंतर काढायचं तर पायथागोरसच पुरतो: तिन्ही फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. या अंतराला डेल्टा ई म्हणतात. नंतर याहून बारीक सूत्रं आली, पण सुरुवात इथूनच करावी.

मिस्त्रीचं ‘सगळं पांढरं’ घेऊन उदाहरण सोडवू. आकडे समजावण्यापुरते मी धरलेत. लादीचा एल ९०, ए ०, बी २. कमोडचा एल ९३, ए ०, बी ६. उजळपणातला फरक ३, पिवळेपणातला फरक ४. तीनाचा वर्ग ९, चाराचा १६, बेरीज २५, वर्गमूळ ५. म्हणजे डेल्टा ई ५.

शेजारी शेजारी ठेवले तर २-३ चा फरकही बहुतेकांना कळतो. ५ तर सहज कळेल. म्हणून बाथरूम पुरं झाल्यावर घरात बोललं जातं, ‘कमोड पिवळट का दिसतोय?’ कमोड पिवळट नसतोच. तो क्रीमकडे झुकणारा पांढरा असतो आणि लादी त्यामानाने कमी पिवळी. वेगवेगळे बघितले तर दोन्ही पांढरेच. शेजार बदलला की रंग बदलल्यासारखा दिसतो ही गोष्ट मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालच्या ग्रंथात सविस्तर मांडली. तो पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार आली होती. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता.

एकाच नावाच्या लादीतही फरक पडतो. भट्टीतून निघालेला प्रत्येक माल किंचित वेगळा असतो, म्हणून खोक्यावर शेड आणि बॅच क्रमांक छापतात. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये आयएसओ १०५४५ चा सोळावा भाग लाद्यांमधले हे बारीक रंगफरक मोजण्यासाठीच आहे. घरासाठी याचा अर्थ: एकाच बॅचची खोकी घ्या आणि एखादं जास्तीचं आत्ताच घेऊन ठेवा. संशोधनासाठी याचा अर्थ: नमुन्याच्या नोंदीत बॅच क्रमांक लिहा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

आता प्रकाश. शोरूममध्ये साधारण ६५०० केल्विनचे निळसर पांढरे एलईडी असतात. घरी बाथरूममध्ये ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर दुपारीही आभाळ भरलेलं असतं आणि उजेड येतो तो छोट्या जाळीच्या खिडकीतून. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, याला मेटामेरिझम म्हणतात. लादीचं झिलईतलं रंगद्रव्य, कमोडची झिलई आणि ग्राउटमधलं रंगद्रव्य वेगवेगळं असल्यामुळे असं होण्याला इथे भरपूर वाव आहे. म्हणून ‘डेल्टा ई ५’ हे विधान अर्धवट आहे. ‘डी ६५ या प्रमाण प्रकाशात डेल्टा ई ५’ असं लिहिलं की ते पूर्ण होतं. मोजमापाच्या अटी हा मोजमापाचाच भाग आहे.

आणि हो, मोबाइलच्या फोटोवरून रंग मोजायचा मोह टाळा. कॅमेरा पांढरेपणा आपोआप ‘दुरुस्त’ करतो, म्हणजे नेमका तुम्हाला जो फरक पाहायचा आहे तोच पुसतो. व्हॉट्सअॅपवर ठरवलेली लादी घरी वेगळी दिसते, त्याचं हे एक मोठं कारण.

फिनिश हा रंगाचा भाग की वेगळी गोष्ट?

एकच रंगद्रव्य, एक लादी चकचकीत आणि एक मॅट. डोळ्यांना दोन वेगळे रंग दिसतात. चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला परततो, त्यामुळे बाकीच्या दिशांनी रंग गडद आणि भरीव वाटतो. मॅट पृष्ठभाग तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यात पांढरेपणाची भर पडते आणि रंग फिका वाटतो.

चकाकी मोजायला ग्लॉसमीटर असतो. साधारणपणे ६० अंशांतून प्रकाश टाकतात आणि ठरावीक अपवर्तनांकाची गुळगुळीत काळी काच १०० एकक धरतात. रंग मोजणाऱ्या यंत्रातही एक बटण असतं: आरशासारखा परतणारा प्रकाश मोजणीत धरायचा की वगळायचा. धरला तर यंत्र मुख्यतः रंगद्रव्य मोजतं. वगळला तर डोळ्याला जे दिसतं त्याच्या जवळ जातं. एकच लादी, दोन वेगवेगळी उत्तरं. कुठलं बरोबर? तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ते ठरेल. ‘शोभतं का’ हे विचारत असाल तर वगळून मोजा. ‘कारखान्यात रंग एकसारखा उतरला का’ हे विचारत असाल तर धरून मोजा. पद्धतीच्या प्रकरणात हे एक वाक्य नसलं की परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

नळांचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. ‘क्रोम कशावरही जातं’ असं सगळे म्हणतात. का जातं? चकचकीत क्रोमचा स्वतःचा रंग फार कमी असतो. तो आरसा आहे, बेज भिंतीजवळ तो बेज दिसतो, करड्याजवळ करडा. सोनेरी किंवा काळ्या मॅट नळाला स्वतःचा रंग असतो, म्हणून तो खोलीत आणखी एक रंग म्हणून मोजावा लागतो. काळ्यावर एक गोष्ट वाढते: बोअरवेलचं पाणी जड असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग त्याच्यावर जास्त उठून दिसतात. चौथं क्रियापद नको तिथे हजर!

ओली लादी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण नमुना नेहमी कोरडा बघितला जातो आणि बाथरूम वापरलं जातं ओलं.

जुनी शहाबादी फरशी आठवा. कोरडी असताना फिकट करडी, पाणी पडलं की गडद. खडबडीत आणि सच्छिद्र पृष्ठभागावर पाण्याचा थर बसला की दगडावरून परतलेला काही प्रकाश पाण्याच्या वरच्या पृष्ठभागाला आतून आपटून पुन्हा खाली येतो. त्याला दगडात शोषलं जायची आणखी एक संधी मिळते. जितक्या फेऱ्या जास्त, तितका परत येणारा प्रकाश कमी. हे स्पष्टीकरण अँगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडलं आणि लेकनर व डॉर्फ यांनी १९८८ मध्ये ते आणखी नीट केलं.

झिलई असलेल्या लादीचा रंग ओलेपणाने फारसा बदलत नाही, कारण पाणी आत शिरत नाही. ग्राउटचा बदलतो, बिनझिलईच्या लादीचा बदलतो आणि नक्षीच्या सिमेंट टाइल्सचाही बदलतो. या सिमेंट टाइल्सचा आपल्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंगने सुरुवातीचा कारखाना उरणला काढला होता. तसली लादी आज हौसेने बाथरूममध्ये लावायची असेल तर दुकानातच तिच्यावर पेलाभर पाणी ओता, मग रंग ठरवा.

संशोधनाच्या भाषेत: तळ्यासारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने लादी नीट वाळतच नाही, तिथे ‘कोरड्या नमुन्याचा रंग’ हे मोजमाप अचूक असेल, पण ते आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. अचूकता आणि वैधता यांतला फरक विचारला तर हेच उदाहरण द्या.

आता आजीचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून झालेल्या इजेने मरण पावतात, आणि त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे. बाथरूममध्ये पडण्याशी रंगाचा आणि फिनिशचा दोन वाटांनी संबंध येतो: दिसणं आणि पकड.

आधी दिसणं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि बाहुली लहान होते. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. निळसर छटांमधले बारीक फरक आधी हरवतात. म्हणून वस्तू ‘उठून दिसायला’ छटेवर विसंबून चालत नाही, उजळपणात फरक हवा.

तो मोजायला परावर्तनमूल्य वापरतात: पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो. काही रंगकंपन्यांच्या शेड कार्डवर हा आकडा एलआरव्ही म्हणून छापलेला असतो. ब्रिटिश मानकांत लगतच्या महत्त्वाच्या पृष्ठभागांमध्ये साधारण ३० गुणांचा फरक सुचवला आहे. एलवरून हे मूल्य काढता येतं: एलमध्ये १६ मिळवा, ११६ ने भागा, घन करा, शंभराने गुणा.

आपलंच उदाहरण पुढे नेऊ. लादीचा एल ९०, म्हणून परावर्तनमूल्य सुमारे ७६. कमोडचा एल ९३, म्हणून सुमारे ८३. फरक फक्त ७. म्हणजे मिस्त्रीचं ‘सगळं पांढरं’ दोन्हीकडून मार खातं. डेल्टा ई ५ असल्यामुळे तरुण नजरेला ते ‘सारखं’ वाटत नाही, खटकतं. आणि परावर्तनातला फरक ७ असल्यामुळे आजीच्या नजरेला कमोडची कड ‘उठून’ही दिसत नाही.

आता खालची लादी बदलू. त्याच उबदार पांढऱ्याच्या कुळातली, पण गडद: एल ६०. परावर्तनमूल्य सुमारे २८. कमोडशी फरक ५५. छटा तीच ठेवली आहे, फरक आहे तो उजळपणात. ओऊ आणि लुओ यांचा शेवटचा मुद्दा आठवला? छटा सारखी आणि उजळपणात फरक, ही जोडी सुसंगतीतही चांगले गुण मिळवते. सुनेचा बेजही राहिला आणि आजीला कडही दिसली. मात्र हे कळलं केव्हा? ‘शोभतं’ आणि ‘उठून दिसतं’ वेगळं मोजलं तेव्हा. एकाच प्रश्नात कोंबलं असतं तर हे दोन्ही एकत्र साधता येतं हे दिसलंच नसतं.

दुसरी वाट पकडीची. दुकानात ‘आर १०’, ‘आर ११’ असे शिक्के दाखवतात. हे आकडे जर्मन उतार-चाचणीतून आले. त्यात माणूस बूट घालून, तेल लावलेल्या लादीवर चालतो आणि लादी हळूहळू तिरपी करत नेतात. पण आजी बाथरूममध्ये बूट घालून जात नाही आणि तिथे तेलही सांडलेलं नसतं. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांसाठी वेगळी चाचणी आहे, तिचे वर्ग ए, बी आणि सी असे आहेत. म्हणजे ‘आर ११’ हा आकडा खोटा नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या अभ्यासात एखादं तयार प्रमाणित साधन उचलताना हे आठवा: ते साधन कुणावर, कशासाठी तयार केलं होतं?

निवडणारा एक, वापरणारा दुसरा

समजा तुम्हाला यावर छोटा अभ्यास करायचाच आहे. सहभागी कोण? शोरूममध्ये आलेली गिऱ्हाइकं घेतली तर मिळतील पटकन, पण ती मुख्यतः तिशी-चाळिशीची असतील. दिवसातून पाच वेळा त्या लादीवर पाय ठेवणारी पंचाहत्तरीची बाई नमुन्यात येणारच नाही. सोयीचा नमुना म्हणजे काय आणि तो का नडतो, हे इथे लख्ख दिसतं. वृद्धांच्या पडण्याची मोठी चौकट हवी असेल तर मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ पाहणीकडे जा. तिच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली आहे.

आराखडा करताना एक सापळा टाळा. ‘पांढरी चकचकीत लादी विरुद्ध करडी मॅट लादी’ अशी तुलना केली, तर फरक रंगामुळे पडला की फिनिशमुळे, हे सांगताच येणार नाही. दोन्ही घटक एकमेकांत मिसळले. म्हणून आडवे-उभे छेद घ्या: २ रंग, २ फिनिश, २ प्रकाश, आणि कोरडं-ओलं अशा २ अवस्था. २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १६ परिस्थिती. प्रत्येक माणसाला सगळ्या दाखवायच्या तर क्रम बदलत राहा, नाहीतर शेवटच्या चार परिस्थितींत मोजला जाईल तो त्यांचा कंटाळा.

प्रश्न चार क्रियापदांप्रमाणे वेगवेगळे विचारा. मुख्य अभ्यासाआधी पाच-सहा जणांना विचारून बघा, ‘हा प्रश्न ऐकून तुम्ही नक्की काय समजलात?’ इंग्रजी प्रश्नावलीतला ‘सुसंगती’ असा पुस्तकी शब्द तळ्यातल्या आजीपुढे ठेवला तर ती मान डोलावेल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. ‘शोभतं का?’ विचारलं तर ती दहा मिनिटं बोलेल.

आणि नैतिकतेचा मुद्दा, जो समिती विचारणारच: वृद्ध माणसांना ओल्या लादीवर चालायला लावायचं नाही. एवढ्यावर संपलं. ‘उठून दिसणं’ मोजायचं असेल तर त्यांना खुर्चीवर बसवा, समोर लाद्यांचा मांडलेला तुकडा ठेवा, ‘पायरीची कड कुठे आहे ते दाखवा’ म्हणा आणि किती वेळ लागला, किती वेळा बरोबर दाखवली ते नोंदवा. पकड मोजायची असेल तर लादीवर यंत्राने मोजा, माणसाची गरज नाही. संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवलेलं हवं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता हाच क्रम तुमच्या विषयावर लावून बघा. तुमच्या शीर्षकातला सगळ्यात गुळगुळीत शब्द शोधा. ‘सक्षमीकरण’, ‘गुणवत्ता’, ‘जाणीवजागृती’, ‘समाधान’, काहीही असू शकतो. मग कागदावर लिहा:

१. या शब्दात किमान किती वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत? रोजच्या बोलीत त्यांना वेगळी क्रियापदं आहेत का?
२. त्यातली कुठली मोजायची आहे, आणि कुठली मोजायची नाही हे स्पष्ट लिहिलंय का?
३. साधन कुठलं, आणि ते मुळात कुणासाठी बनलं होतं?
४. मोजताना परिस्थिती कुठली असेल, आणि खऱ्या आयुष्यात कुठली असते?
५. ज्याला परिणाम भोगायचा आहे, तो माणूस नमुन्यात आहे का?

आणि कुणाच्या घरी खरंच बाथरूमचं काम निघालं असेल, तर इतकं सांगा: निवडलेल्या लादीचा एक तुकडा आणि ग्राउटचा नमुना घरी आणा, त्याच खिडकीच्या उजेडात आणि त्याच बल्बखाली ठेवा, त्यावर पाणी ओता, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय विचारा, ‘कड दिसतेय का?’ त्यांचं उत्तर आल्यावर मगच मिस्त्रीला ऑर्डर द्यायला सांगा.